अंगठा वर म्हणजे परत फिरायचं : माझं डायव्हिंग आणि माझी माणसं

निळाई (धागाकर्ती)

पोहण्याच्या धाग्यावर मी ओघात स्कूबाचा (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाण्याचा) उल्लेख केला, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की हे वेड कुठून लागलं, घरचे काय म्हणतात, भीती वाटत नाही का. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढते आहे. लांबेल, सवडीने वाचा.

मी ४७ वर्षांची. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. घरी नवरा, १३ वर्षांची लेक आणि माझी आई. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आता ते नाहीत. पहिल्यांदा पाठीला टाकी लावली ती ३०व्या वर्षी. मध्ये गरोदरपण आणि लेकीचं तान्हेपण यात दोन वर्षं पाण्याखाली गेले नाही (गरोदरपणी डायव्हिंग करायचं नसतं, यात तडजोड नाही). आजवर लॉगबुकात, म्हणजे प्रत्येक डाइव्ह (पाण्याखालची फेरी) टिपायच्या वहीत, २१२ नोंदी आहेत. १७ वर्षांच्या मानाने हा आकडा फार नाही, पण नोकरी आणि घर सांभाळून एवढंच जमतं आणि मला ते पुरतं.

सुरुवात वर्गात झाली. बॉइलचा नियम शिकवत होते. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. उदाहरण पाणबुड्याचं दिलं: समुद्रात दर १० मीटरला वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढत जातो, म्हणून १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, खाली श्वास घेताना छातीवर ओझं वाटतं का?" मी पुस्तकी उत्तर दिलं आणि ते चुकलं. ‘हो, थोडं वाटत असेल’ असं म्हणाले. ती मुलगी समाधानाने वहीत लिहून घेऊ लागली आणि मला फार वाईट वाटलं. आपण न अनुभवलेली गोष्ट ठामपणे सांगितली, हे दिवसभर टोचत राहिलं.

खरं उत्तर वाचून काढलं. ओझं वाटत नाही, कारण तोंडातला रेग्युलेटर सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा पुरवतो. १९४३ साली फ्रेंच नौदल अधिकारी जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे साधलं. गान्यां इंजिनिअर होते. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा गॅसवर मोटारी चालवण्यासाठी त्यांनी एक झडप तयार केली होती, तीच कल्पना पाण्याखाली कामाला आली. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक दुरुस्त केली. पण नुसतं वाचून सांगणं पुन्हा नको वाटलं. त्याच वर्षी सुट्टीत कोर्स केला.

पहिला श्वास आठवतो. गुडघ्यांवर बसून, जेमतेम दोन मीटर पाण्यात. मेंदू ओरडून सांगत होता, पाण्यात तोंड उघडू नकोस. मी उघडलं आणि हवा आली. त्या क्षणाबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी घेतलाय त्यांना ठाऊक आहे.

या धाग्याचं शीर्षक ज्यावरून दिलं, त्या गोष्टीकडे येते. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातांनी. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की ‘ठीक’. हात आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही. त्याचा अर्थ ‘डाइव्ह संपली, वर चला’. ही खूण आली की दुसऱ्याने तीच खूण परत करायची आणि निघायचं. वाद नाही, ‘अजून पाच मिनिटं’ नाही. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी आणि कारण नसलं तरी डाइव्ह थांबवू शकतो. ज्याच्या २००० डाइव्ह झाल्यात त्यालाही, पहिलीच डाइव्ह करणाऱ्याला अंगठा दिसला की वळावं लागतं. मला या छंदातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते. मासे, प्रवाळ, बुडालेली जहाजं, सगळं त्यानंतर.

हा नियम कोर्समध्ये पाठ केला होता. मोडला ६१व्या डाइव्हला.

कोर्सला भेटलेली एक मैत्रीण तेव्हा माझी कायमची बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, होती. २८ मीटरवर एक बुडालेलं जहाज होतं, दोन वर्षं आम्ही त्याचे बेत करत होतो. वारा, लाटा, पाण्याचा गढूळपणा, दर वेळी काहीतरी आडवं यायचं. त्या दिवशी सगळं जुळलं. दोर धरून खाली निघालो. १२ मीटरवर तिने अंगठा वर केला. मी ‘काय झालं?’ अशी खूण केली. तिने पुन्हा अंगठा दाखवला. खाली जहाजाची काळसर कड दिसत होती. मी खाली बोट दाखवलं. तिने तिसऱ्यांदा अंगठा वर केला, तेव्हा कुठे मी वळले.

बोटीवर आल्यावर टाकीही न उतरवता मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "माहीत नाही, बरं वाटेना." मी म्हटलं, "कान दुखत होता का? हवा कमी होती? मग का?" सगळ्यांसमोर. तिने उत्तर दिलं नाही. त्या संध्याकाळी लॉगबुकवर एकमेकींच्या सह्या घ्यायच्या असतात, त्याही झाल्या नाहीत. मग ती माझ्याबरोबर पाण्यात उतरली नाही, बराच काळ.

मी चूक केली होती हे मला रागात कळलं नाही, नंतर घरी कळलं. ते कसं, ते कुणी विचारलं तर लिहीन. एक सांगते: बाबांना मी माझं डायव्हिंगचं घड्याळ दाखवलं होतं. तबकडीभोवतीची दातेरी कडी त्यांनी फिरवून पाहिली. ती एकाच बाजूला फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. खाली जाताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ झाला ते दिसतं. बाबांनी दोनतीनदा कडी फिरवली आणि म्हणाले, "धक्का लागून ही हलली, तर तुला वाटेल जास्त वेळ झालाय, आणि तू लवकर वर येशील. उशीर होईल अशी चूक हिला करताच येत नाही. बनवणाऱ्याने विचार केलाय." पाण्यात कधी न उतरलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात हे ओळखलं. त्यांच्या हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे, सुट्टीच्या दिवशी मी अजून भिंतीवरची जुनी घड्याळं उघडते. डायव्हिंगनंतरचा हा माझा दुसरा छंद. तिसरा चित्रांचा, त्याबद्दल पुढे.

ओहोटी

सुंदर लिहिलंय. एका दमात वाचलं. दोन प्रश्न: पोहता यायलाच हवं का? आणि पन्नाशीत सुरू करता येतं का?

निळाई

ओहोटी, प्रशिक्षकाचा हात धरून एकदाच उथळ पाण्यात उतरायचं असेल तर पोहणं न येणाऱ्यांनाही नेतात. प्रमाणपत्राचा कोर्स करायचा तर मात्र पोहावं लागतं. माझ्याकडून २०० मीटर पोहून घेतलं होतं, वेळेची अट नव्हती, आणि १० मिनिटं तरंगायला लावलं होतं. वेग नको, पाण्यात शांत राहता यायला हवं.

वयाला वरची मर्यादा नाही, तब्येतीला आहे. शार्कवर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या युजिनी क्लार्क नव्वदीत पोहोचल्यावरही डाइव्ह करत होत्या. आधी तब्येतीची प्रश्नावली भरायची असते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका आणि प्रश्नावलीत काही लपवू नका. माझ्या नवऱ्याचं एक फुप्फुस तरुणपणी आपोआप मिटलं होतं. उपचारांनी बरं झालं, पण त्याला डायव्हिंग कायमचं बंद, कारण वर येताना अडकलेली हवा फुगते आणि कमजोर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून तो बोटीवर असतो. खाली जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो आणि वर आलेल्याचा चेहरा पाहिल्याशिवाय नावापुढे खूण करत नाही. पंधरा वर्षं तो हे करतोय. आमच्या गटात कुणालाही विचारा, त्याच्या वहीशिवाय बोट हलत नाही.

शंखशिंपला

अंगठ्याचा अनुभव मला पहिल्याच डाइव्हला आला. समोरून कासव गेलं, एवढं जवळून की डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या दिसल्या. मी आनंदाने प्रशिक्षकांना अंगठा दाखवला. त्यांनी क्षणात माझा दंड धरला आणि मला सावकाश वर नेलं. मला काही कळेना. वर आल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं आणि पुन्हा खाली नेलं. कासव गेलेलं होतं. पण माझी खूण पाहून क्षणभरही विचार न करता वळणारा माणूस सोबत आहे, एवढं कळल्यावर माझी भीती तिथल्या तिथे गेली.

दीपस्तंभ

मी २६ वर्षं डाइव्ह करतोय, काही वर्षं शिकवलंही. निळाईताई, लेख मनापासून आवडला, पण एका मुद्द्यावर असहमत. पाण्याखाली विचारू नये, मान्य. बोटीवर आल्यावर मात्र विचारलंच पाहिजे. ‘कारण विचारायचं नाही’ हा शिष्टाचार फार ताणला तर धोका आहे.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, कधी नुसताच विचित्र थकवा येतो. बऱ्याचदा ही लक्षणं वर आल्यानंतर काही तासांत दिसतात आणि माणूस ती नाकारतो. ‘टाकी उचलून खांदा भरला असेल’ असं म्हणतो. शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करायला हवा, दाबकक्षात (हवेचा दाब वाढवून उपचार करायच्या बंद खोलीत) न्यायला हवं, आणि इकडे तो गप्प बसून राहतो. ‘बरं वाटेना’ हे वाक्य मी ऐकलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते.

निळाई

दीपस्तंभ, तुमचं बरोबर आहे, मी नीट मांडलं नाही. मैत्रिणीने ‘बरं वाटेना’ म्हटल्यावर मी विचारायला हवं होतं: कुठे दुखतंय का, चक्कर येते का, बस, पाणी पी. मी विचारलं ते वेगळं होतं. मी तिच्याकडून माझ्या वाया गेलेल्या दिवसाचा हिशेब मागत होते. दोन्ही वाक्यांत प्रश्नचिन्ह असतं, पण समोरच्याला फरक लगेच कळतो.

दीपस्तंभ

मग आपलं एकमत आहे. नवीन लोकांसाठी एक भर घालतो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा. आम्ही शिकलो तेव्हा जुन्या पुस्तकांत १८ मीटर छापलेलं असायचं. शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, घाई असली तरी. टप्प्याटप्प्याने वर येण्याचं पहिलं शास्त्रीय कोष्टक ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९०८ साली मांडलं, बकऱ्यांवर प्रयोग करून. आज मनगटावरचा संगणक हे गणित करतो, पण संगणकाला तुमची कालची अर्धवट झोप माहीत नसते.

तळ्याकाठी

माझा अनुभव कडू आहे, लिहू की नको असं झालं होतं. सहलीत एकदा हौसेने उतरले. पाचेक मीटरवर कानाला दडे बसले, नंतर जबर दुखू लागलं. मी कानाकडे बोट दाखवलं, वर जायचं म्हणून हात केला. सोबतच्या माणसाने ‘ठीक, ठीक’ अशी खूण करून आणखी खाली ओढलं. दोन आठवडे एका कानाने नीट ऐकू येत नव्हतं. त्यानंतर मी पाण्याचं नाव काढलेलं नाही. हे नेहमीचं आहे का?

निळाई

ताई, हे अजिबात नेहमीचं नाही आणि तुमची काहीच चूक नव्हती. तुम्ही सांगितलं होतं. ऐकणं त्याचं काम होतं.

कानाचं असं असतं: पडद्यामागच्या पोकळीत हवा असते. खाली जाताना ती आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशाकडून एका नळीतून हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधी करायचं, अगदी वरपासून, दर मीटरला. दुखेपर्यंत थांबलं तर ती नळी दाबाने घट्ट मिटते आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही, उलट इजा होते. अशा वेळी एक-दोन मीटर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. पहिल्या १० मीटरमध्ये दाब थेट दुप्पट होतो, म्हणून कानाचा सर्वाधिक त्रास उथळ पाण्यातच होतो. ‘पाचच मीटर तर आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पुन्हा उतरा असा आग्रह मी करणार नाही. कानाच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून मात्र घ्या.

पाऊलखुणा

घरी कळलं म्हणालात, ते ऐकायचं आहे. आणि लेकीला शिकवलंत का? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, हट्ट धरून बसलाय. मला झोप लागत नाही त्या विचाराने.

निळाई

आधी आईचं सांगते, कारण मला कळलं ते तिथे.

एकदा मी डायव्हिंगला गेले असताना भावाचा फोन आला. आईला छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं होतं. "पहिल्या विमानाने ये," तो म्हणाला. मी त्या दोन दिवसांत पाच डाइव्ह केल्या होत्या, शेवटची तासाभरापूर्वी. एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. वर केबिनमधला दाब कमी असतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे होऊ शकतात. मी भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई दवाखान्यात आहे आणि तू तास मोजतेस?"

मी थांबले. ते १८ तास मी खोलीत भिंतीला टेकून काढले. पोहोचले तेव्हा आई शुद्धीत होती, पुढे बरी झाली. भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. आईने मात्र एका शब्दानेही विचारलं नाही. पाणी मागितलं, माझा हात धरला आणि "आलीस ना" म्हणाली. तेव्हा मला ती बोट आठवली. अंगावरून पाणी निथळत असलेली मैत्रीण आणि तिच्यासमोर "मग का?" म्हणणारी मी. आईने मला जे दिलं, ते मी मैत्रिणीला द्यायचं नाकारलं होतं.

आता लेक. बऱ्याच संस्था दहाव्या वर्षापासून मुलांना प्रमाणपत्र देतात, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरखाली नेत नाहीत आणि सोबत पालक किंवा प्रशिक्षक लागतोच. माझं मत: वय पाहू नका, मुलाला ‘नको’ म्हणता येतं का ते पाहा. मोठ्यांना खूश करण्यासाठी दुखणं गिळणारं मूल असेल तर थांबा. आमच्या लेकीने बाराव्या वर्षी स्वतःहून विचारलं, तेव्हा आम्ही होकार दिला.

कोर्सनंतरची तिची माझ्याबरोबरची पहिली डाइव्ह. पाणी स्वच्छ, तळाशी वाळू, खडकाच्या कपारीत एक अष्टपाद. त्याने आमच्या डोळ्यांदेखत रंग बदलला. मी अशा दृश्यासाठी तासभर थांबले असते. नवव्या मिनिटाला तिने अंगठा वर केला. मी अंगठा परत केला, ५ मीटरवर थांबलो, वर आलो. "बरी आहेस ना?" "हो." एवढंच. तिच्या बाबांनी दोन नावांपुढे खुणा केल्या.

दोन दिवसांनी झोपताना ती म्हणाली, "आई, मला काही झालं नव्हतं. अष्टपाद इतका छान होता ना, मला बघायचं होतं, तरी तू वळतेस का." मी काही बोलले नाही, दिवा मालवला. पाऊलखुणा, तुमची झोप यामुळे परत येईल असं नाही, पण माझी थोडी आली.

पाऊलखुणा

मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मीही असंच करून बघेन. धन्यवाद.

ओहोटी

चित्रांचं राहिलं!

निळाई

हो. मी समुद्री गोगलगायी काढते, बिनशंखाच्या, ज्यांना न्युडिब्रँक म्हणतात. बहुतेक बोटाच्या पेराएवढ्या. पांढऱ्या पाटीवर शिसपेन्सिलने पाण्याखालीच रेखाटते, घरी येऊन जलरंग. अडचण रंगांची असते. पाणी लाल रंग आधी शोषतं, दहा मीटरच्या आसपास तो जवळजवळ नाहीसा होतो आणि लालभडक जीव करडा-हिरवट दिसतो. टॉर्च लावला की खरा रंग पेटून उठतो. म्हणून पाटीवर मी दोन नोंदी करते, टॉर्चशिवाय आणि टॉर्चसह. मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून माप नेहमी पट्टी बाजूला धरून घेते. हात लावत नाही. आजवर ५८ चित्रं झालीत. घड्याळाच्या कामाने बोटं स्थिर झाली, ती इथे उपयोगी पडतात.

शंखशिंपला

एक शेवटचं विचारू का? मैत्रीण परत आली?

निळाई

आईचं आजारपण निस्तरल्यावर मी तिला पत्र लिहिलं. हाताने, कागदावर. सबबी घातल्या नाहीत. तिचं उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी ती आमच्या बोटीच्या धक्क्यावर पायात घालायचे स्वतःचे फिन्स घेऊन उभी होती. नवऱ्याने काही न विचारता वहीत तिचं नाव लिहिलं. त्या जहाजाकडे आम्ही गेलो नाही, तिला नको होतं. उथळ प्रवाळावर ४० मिनिटं फिरलो.

संध्याकाळी तिने माझं लॉगबुक मागून घेतलं. त्या दिवशीच्या नोंदीवर सही केली आणि मग पानं मागे उलटत गेली. ६१वी नोंद: खोली १२ मीटर, वेळ ७ मिनिटं. शेरा रिकामा होता. तिथे तिने "अंगठा, बडीकडून" असं लिहिलं आणि खाली सही करून जुनीच तारीख घातली.